डाग मालिशीचे नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ एप्रिलच्या जागतिक हिमोफिलिया दिनानिमित्त आपण जवळजवळ पानभर मजकूर छापलात, त्याबद्दल आभार. त्यात एक वाक्य होतं, की रक्त नीट न गोठण्याचा हा आजार पुरुषांना होतो आणि स्त्रिया केवळ वाहक असतात. जन्मजात हिमोफिलियापुरतं ते बरंचसं खरं आहे. पण हिमोफिलिया नंतरही जडू शकतो, अगदी बाळंतिणीलाही, आणि याच समजुतीमुळे माझ्या लेकीच्या आजाराचं नाव कळायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात तिच्या कुल्ल्यावर सुरी चालायची वेळ आली होती. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण काटछाट करायचीच झाली तर माझी हकीकत कापा, तपासणीची माहिती कापू नका.

मी विट्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं विज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झाले. लेक पुण्याला असते. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे. २०२४च्या नागपंचमीला तिला मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप झालं, टाके भरून आले, सव्वा महिना डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी सगळं यथासांग झालं. मालिशीला ज्या मावशी यायच्या, त्यांनीच माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला चोळलं होतं. सव्वा महिन्यानंतरही त्या बाळासाठी रोज यायच्या आणि आठवड्यातून दोनदा लेकीची पाठ-कंबर चोळून द्यायच्या.

दसऱ्याच्या सुमारास लेकीच्या मांडीवर तळहाताएवढा निळा डाग दिसला. मग दंडावर एक. मी मावशींना म्हटलं, "जरा हलक्या हातानं." त्या म्हणाल्या, "बाई, मी मांडीला हात लावूनच आठ दिस झालं." मला ते खरं वाटलं नाही. वय झालंय, हाताला अंदाज राहिला नाही, असं मी घरात बोलले आणि दोन दिवसांनी त्यांना यायचं बंद करायला सांगितलं. तीस वर्षांची ओळख मी उंबऱ्यावरून तोडली.

त्याच दरम्यान थांबलेलं अंगावरून जाणं पुन्हा सुरू झालं आणि थांबेना. दवाखान्यात दाखवलं. बाळंतपणानंतरची पहिली पाळी अशी येते म्हणाले. मी डागांचं बोलले, तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन थोडं कमी, प्लेटलेट्स उत्तम, बीटी-सीटी नॉर्मल. "रक्तात काही दोष नाही" असं सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या. बीटी-सीटी म्हणजे बोटाला टोचून रक्त किती मिनिटांत थांबतं, किती मिनिटांत गोठतं ते बघायची जुनी पद्धत. हिमोफिलियात ती साफ फसवू शकते, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र तो कागद बघून मी निर्धास्त झाले, आणि विज्ञान शिकवणारी बाई म्हणून त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

नरक चतुर्दशीला पहाटे लेकीला तेल-उटणं लावायला बसवलं. पाठीवर, बरगडीखाली, दोन्ही दंडांवर डाग. काही निळे, काही पिवळे पडत आलेले. मावशी यायच्या बंद होऊन पंधरा दिवस झाले होते. जावई आदल्याच दिवशी आले होते, आणि दसऱ्यालाही येऊन गेले होते. माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहिते, कारण अशा वेळी ते प्रत्येक आईच्या मनात येईल. मी तिला न्हाणीघराचं दार लावून विचारलं, "खरं सांग, हात उचलतो का तो?" ती माझ्याकडे बघतच राहिली आणि रडायला लागली. त्या रडण्याचा अर्थही मी चुकीचाच लावला. तो सगळा दिवाळसण मी जावयाशी धड बोलले नाही. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या त्या मुलाला कळत होतं, की आपल्याकडे कुणीतरी संशयाने बघतंय.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी कंबरदुखीसाठी एका दवाखान्यात तिला कुल्ल्यावर इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत तिथे लिंबाएवढी गाठ, दुसऱ्या सकाळी नारळाएवढी. पाय टेकवेना. सोनोग्राफीत आत पाणी-रक्त साचल्याचं दिसलं. गळू झालंय, चीर देऊन काढू, असं ठरलं. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत त्या रुग्णालयाच्या भूलतज्ज्ञांनी स्वतःहून पीटी आणि एपीटीटी या, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या दोन चाचण्या लिहिल्या. पीटी बरोबर आली. एपीटीटी ३५ सेकंदांच्या आत हवी, ती ८८ सेकंद. लॅबवाल्यांना वाटलं नमुना बिघडला. पुन्हा रक्त घेतलं, दुसऱ्या लॅबला पाठवलं, तिथे ९१. हिमोग्लोबिन तोवर ६.२ वर आलं होतं.

सर्जन म्हणत होते, एवढी मोठी गाठ ठेवून कसं चालेल. भूलतज्ज्ञ म्हणाले, "ही एपीटीटी अशी का आली हे कळल्याशिवाय मी भूल देणार नाही, आणि तुम्हीही ब्लेड लावू नका." दोघांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मला तेव्हा भूलतज्ज्ञांचा राग आला, पोरगी कण्हतेय आणि हे अडून बसलेत म्हणून. त्यांनीच पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "बाळंत होऊन किती दिवस झाले?" मी बोटं मोजली. ८८. एपीटीटीचा आकडाही तोच, म्हणून माझ्या डोक्यात तो कायमचा बसलाय. त्याच रात्री रुग्णवाहिकेने आम्ही निघालो. कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा. बाळ माझ्या मांडीवर, लेक पालथी, आणि प्रत्येक गतिरोधकाला तिचा हुंकार.

आता आजाराविषयी, जसं मला त्या डॉक्टरांनी समजावलं तसं.

याला अक्वायर्ड हिमोफिलिया म्हणतात, म्हणजे नंतर जडलेला. रक्त गोठायला जे घटक लागतात त्यांत आठव्या क्रमांकाचा एक आहे, फॅक्टर एट. जन्मजात हिमोफिलियाच्या मुख्य प्रकारात तो शरीरात तयारच होत नाही किंवा कमी होतो. माझ्या लेकीच्या शरीरात तो तयार होत होता, पण तिच्याच प्रतिकारशक्तीने त्याला परका समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवली होती. आजार फार दुर्मीळ, वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसरा. तो बहुतेक म्हाताऱ्या माणसांना होतो. पण तरुण वयात जो गट दिसतो तो बाळंतिणींचा. युरोपातल्या १३ देशांनी मिळून ५०१ रुग्णांची नोंद केली होती, त्यांत ४२ जणी बाळंतपणाशी निगडित होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणींचं निदान बाळंतपणानंतर ८९व्या दिवशी किंवा त्यानंतर झालं. हा आकडा मी डॉक्टरांकडून दोनदा विचारून घेतला.

रक्त सांध्यांत उतरणं ही जन्मजात हिमोफिलियाची खूण. या आजारात ते सहसा होत नाही. इथे कातडीखाली मोठे डाग पडतात, स्नायूत रक्त साचतं, अंगावरून जाणं थांबत नाही. म्हणून ज्या डॉक्टरांनी फक्त पुस्तकातला हिमोफिलिया पाहिलाय त्यांच्याही तो चटकन लक्षात येत नाही.

निदानाची पहिली पायरी अगदी साधी आहे. पीटी बरोबर आणि एकटी एपीटीटी लांबलेली, एवढं दिसलं की पुढे मिक्सिंग टेस्ट करायची. रुग्णाचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा आणि पुन्हा वेळ मोजायचा. मी वर्गात शिकवलं असतं तर असं सांगितलं असतं: भांड्यात दूध कमी असेल तर वरून घातलं की भागतं, पण भांड्यात लिंबू पिळलेलं असेल तर वरून घातलेलं दूधही नासतं. फॅक्टर नुसता कमी असेल तर निरोगी प्लाझ्माने वेळ सुधारतो, प्रतिपिंड असेल तर सुधारत नाही. यात एक मेख आहे. फॅक्टर एटविरुद्धचं प्रतिपिंड सावकाश काम करतं. मिसळल्या मिसळल्या तपासलं तर वेळ सुधारलेला दिसू शकतो. तेच मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा तपासलं की खरं कळतं. लेकीच्या बाबतीत तसंच झालं. लगेचची वेळ ४५ सेकंद, दोन तासांनी ७४. मग फॅक्टर एट मोजला, तो एक टक्का निघाला, आणि प्रतिपिंडाचं प्रमाण २८ बेथेस्डा युनिट. प्रतिपिंड मोजायची सोय तालुक्याला नाही, हे मी समजू शकते. पण पुण्या-मुंबईत आहे. परळला केईएमच्या आवारात एनआयआयएच ही रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. एपीटीटीला मात्र मला विट्यात साडेतीनशे रुपये पडले. ती तीन आठवडे आधी झाली असती तर कुल्ल्यावर सुई टोचलीच गेली नसती.

उपचाराचे दोन भाग असतात. एक, आत्ताचं रक्त थांबवणं. दोन, प्रतिपिंड नाहीसं करणं. पहिल्यासाठी रक्त आणि प्लाझ्माच्या पिशव्या चढवून भागत नाही. रक्ताने हिमोग्लोबिन वाढतं, पण प्लाझ्मातून जाणारा फॅक्टर एट प्रतिपिंड खाऊन टाकतं. २८ युनिटांपुढे फॅक्टर एटच्या नेहमीच्या बाटल्याही निरुपयोगी. त्याऐवजी आठव्या घटकाला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं लागतात. एक सक्रिय फॅक्टर सेव्हन, तो किलोला ९० मायक्रोग्रॅम या हिशोबाने दर दोन-तीन तासांनी शिरेतून द्यायचा. दुसरं फीबा, ते आठ ते बारा तासांनी. लेकीला फॅक्टर सेव्हन दिला. ५२ किलो वजन, म्हणजे एका वेळी जवळजवळ पाच मिलिग्रॅम. त्या एका वेळच्या इंजेक्शनची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनहून जास्त होती, आणि ते दर तीन तासांनी. रात्री बाराला, तीनला, सहाला नर्स सिरिंज घेऊन यायची तेव्हा मी घड्याळाकडे बघायची नाही.

जावयांनी घरासाठी साठवलेलं सगळं काढलं. ह्यांच्या फंडातलं गेलं. विहीणबाईंनी पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्या घराण्यात आहे का हे? लग्नाआधी सांगायचं होतं." मी गप्प बसले, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, की हा आजार आनुवंशिक नाही, ना माहेरचा ना सासरचा, नातीलाही तो वारशाने जाणार नाही. चौथ्या दिवशी विहीणबाईंनी आपल्या पाटल्या आणून माझ्या हातात ठेवल्या. (गरोदरपणातच प्रतिपिंड तयार झालेलं असेल तर ते वारेतून बाळाकडे जाऊ शकतं. त्या युरोपातल्या नोंदीत दोन बाळांना जन्मानंतर रक्तस्राव झाला होता. ते प्रतिपिंड काही आठवड्यांत आपोआप ओसरतं, पण आईला आधीच निदान झालेलं असेल तर बाळाला जपावं लागतं.)

एका सरकारी केंद्रात जावई औषधासाठी गेले होते. तिथे विचारलं, रुग्णाचं हिमोफिलियाचं नोंदणी कार्ड आहे का. नाही. जन्मापासून आहे का. नाही. बाई आहे. "मग आमच्या यादीत बसत नाही." खिडकीवरचा माणूस उद्धट नव्हता, त्याच्यापुढच्या फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता. माझी शासनाला हात जोडून विनंती आहे की तो रकाना करा. जन्मजात रुग्णांच्या तोंडचं औषध आम्हाला नको. पण अशा बाया राज्यात वर्षाकाठी मोजक्याच असणार. त्यांच्यासाठी वळसा घालणाऱ्या औषधाचा थोडा साठा दोन-चार मोठ्या ठिकाणी राखून ठेवणं, आणि तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर कार्डाशिवाय तो देणं, एवढं व्हायला हवं. हेही सांगते की प्रत्येकीला हे महागडं औषध लागतंच असं नाही. नुसते डाग असतील, रक्त कमी होत नसेल, तर फक्त लक्ष ठेवतात. लेकीला ते लागलं ते त्या एका सुईमुळे.

दुसरा भाग म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून प्रतिपिंड घालवणं. प्रेडनिसोलोन, किलोला एक मिलिग्रॅम, म्हणजे रोज ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या. अनेक ठिकाणी सोबत सायक्लोफॉस्फमाइड देतात. आमच्या डॉक्टरांनी ते टाळलं. त्याने अंडाशयाला इजा होऊ शकते, आणि लेकीचं वय २९. ती म्हणाली, दुसरं मूल हवं की नको हे मी अजून ठरवलेलं नाही, पण ते मला ठरवू दे. लेकीच्या त्या वाक्याचा मला अभिमान वाटतो. बाळाला अंगावर पाजायला प्रेडनिसोलोनने अडचण नव्हती, त्यामुळे ते चालू राहिलं. चार आठवड्यांनी फॅक्टर जेमतेम चार टक्के झाला, तेव्हा रिटुक्सिमॅब हे दुसरं औषध आठवड्याला एक असे चार डोस दिले, आणि त्या वेळी पाजणं थांबवायचं ठरलं. माझी लेक आजारात एवढी रडली नाही तेवढी त्या दिवशी रडली. फेब्रुवारीत फॅक्टर एट ७० टक्क्यांवर आला, प्रतिपिंड शून्य. आता एमिसिझुमॅब नावाचं कातडीखाली द्यायचं औषधही आलंय, जपानने २०२२मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता दिली. आमच्या वेळी ते वापरलं नाही, त्यामुळे त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

युरोपातल्या नोंदीतल्या त्या ४२ जणींपैकी ३९ जणींना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं होतं, २९ जणी पहिल्याच औषधाने बऱ्या झाल्या, आणि नोंद संपली तेव्हा सगळ्या हयात होत्या. वेळेवर नाव कळलं तर बाळंतीण वाचते, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं.

पण आपल्याकडे बाळंतिणीचं बाळंतीणपण ४२ दिवसांत संपतं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. मातामृत्यूची व्याख्याही ४२ दिवसांचीच. हा आजार तर तिसऱ्या महिन्यात उघडा पडतो. मुदत संपल्यावर आलेल्या बाईला कुणी बाळंतीण म्हणून बघतच नाही. आशाताई बाळासाठी मात्र तिसऱ्या महिन्याला पुन्हा घरी येतात, मग सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात. बाळाचं वजन बघायला दारात आलेल्या बाईने आईलाही दोन प्रश्न विचारावेत. अंगावर आपोआप निळे डाग उठतात का? अंगावरून जाणं थांबून परत सुरू झालंय का? आमच्या गल्लीतल्या आशाताईंना मी हे सांगितलं, त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. पण त्यांच्या छापील फॉर्मात ते आलं पाहिजे.

डॉक्टरांनाही विनंती. बाळंत होऊन वर्षाच्या आतल्या बाईला डाग असतील किंवा रक्त थांबत नसेल, तर बीटी-सीटीवर थांबू नका, एपीटीटी करा. ती लांबली तर पुन्हा पुन्हा नमुनाच चुकला म्हणू नका. कारण कळेपर्यंत स्नायूत इंजेक्शन नको, चीर नको, गर्भपिशवी साफ करायची घाई नको. आणि "बायकांना हिमोफिलिया होत नाही" हे वाक्य कुणाही बाळंतिणीसमोर उच्चारू नका.

जावयांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "आई, तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत. न विचारणाऱ्या आया मी बघितल्यात." मावशींकडे जायला मला मार्च उजाडला. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पैल्याच दिवशी कळलं हुतं. मांडीत आतनं गरम लागत हुतं, हात ठिवला की पोरगी दचकायची. म्या त्या जागंला तेल लावायचंच सोडलं हुतं. पर मला कुणी इचारलं न्हाई." बाळंतिणीचं अंग डॉक्टरांपेक्षा, आईपेक्षाही जास्त या बायका बघतात. आरोग्य खात्याने आशाताईंना शिकवताना गावोगावच्या मालिश करणाऱ्या बायांनाही एखाद्या दुपारी बोलावावं. मावशी जायला तयार आहेत. मी विचारून घेतलंय.

लेकीची तपासणी पहिले सहा महिने दर महिन्याला झाली, मग दोन-तीन महिन्यांनी, आता सहा महिन्यांनी. पुढची तारीख १८ मे आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, विटा (जि. सांगली)
(लेकीच्या खाजगीपणासाठी नाव छापू नये, ही विनंती.)